धाराशिवची लेणी : मूर्तीआधी वास्तू पाहावी

धाराशिव शहरापासून सुमारे ८ किलोमीटर अंतरावर, बालाघाटच्या डोंगररांगेत, सात लेण्यांचा एक समूह आहे. निजामाच्या राजवटीत गावाचे व जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद झाले, २०२३ साली ते पुन्हा धाराशिव करण्यात आले. लेण्यांस मात्र लोक धाराशिव लेणी असेच म्हणत आले. राज्य शासनाने ती संरक्षित म्हणून घोषित केलेली आहेत. अजिंठा-वेरूळच्या नेहमीच्या वाटेवर ती नसल्यामुळे दुरून येणाऱ्यांची गर्दी येथे नसते. आपल्या समाजातील उपासक-उपासिका मात्र वर्षावासाच्या काळात किंवा एखाद्या पौर्णिमेस मुलाबाळांसह तेथे जातात, आणि लेण्याच्या दाराशी उभे राहिल्यावर प्रत्येकाच्या मुखी एकच प्रश्न येतो : ही लेणी आपली की जैनांची?

हा प्रश्न आम्हांलाही अनेकदा विचारण्यात आला. पूर्वी आम्ही त्याचे उत्तर फार लवकर देत असू. आज ते देण्यापूर्वी आम्ही विचारणाऱ्यास लेण्यांतून एकदा फिरवून आणतो. त्याचे कारण या लेखात सांगावयाचे आहे.

लेणी पाहावयास जाणे ही गोष्ट आपल्याला सहजासहजी लाभलेली नाही, हे येथे प्रथम नमूद करणे अगत्याचे आहे. १९३४ साली बाबासाहेब सुमारे ३० सहकाऱ्यांसह निजामाच्या राज्यात आले, ते वेरूळची बौद्ध लेणी पाहण्याच्या उद्देशाने. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यास ते थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी तेथील हौदावर हातपाय धुतले आणि पाणी बाटविल्याचा आरडाओरडा झाला. अखेर किल्ल्यात प्रवेश मिळाला तो सोबत शस्त्रधारी शिपाई देऊन, पाण्याला कोणी स्पर्श करू नये म्हणून! ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. धाराशिव हा त्याच निजामी मुलखाचा भाग होता. ज्यांच्या आजोबांना कातळातील टाक्याचे पाणी ओंजळीत घेता आले नसते, त्यांची नातवंडे आज त्या कातळातील मंडपात बसून त्रिशरण म्हणतात. म्हणूनच ‘आपली की त्यांची’ हा प्रश्न आपल्यासाठी केवळ पुरातत्त्वाचा नसतो. त्यात बरेच काही दुखावलेले असते. आणि म्हणूनच त्याचे उत्तर अधिक काळजीपूर्वक द्यावयास हवे, असे आमचे मत आहे.

प्रथम वास्तू पाहू. सात लेण्यांपैकी पाहण्यासारखे मुख्य लेणे दुसऱ्या क्रमांकाचे होय. पहिल्या लेण्यात २० स्तंभ आहेत व तिसरेही त्याच धर्तीचे आहे. परंतु दुसऱ्या लेण्यात पाऊल टाकताच मनुष्य थबकतो, तो त्याच्या विस्तारामुळे. मधला मंडप सुमारे ८० फूट लांब व तितकाच रुंद आहे. म्हणजे ६,४०० चौरस फुटांची जागा, आणि तीही बांधलेली नव्हे, डोंगरातून कोरून काढलेली. भोवती स्तंभांच्या रांगा, भिंतींत भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या, आणि मागील भिंतीच्या मध्यभागी, प्रवेशद्वाराच्या अगदी समोर, गर्भगृह.

आपल्या वस्तीतील विहार म्हणजे वंदनेचे सभागृह. समोर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, खाली सतरंजी. तेथे राहत कोणी नाही. त्यामुळे प्राचीन विहार हे मुळात घर होते, ही गोष्ट आपल्या लक्षात पटकन येत नाही. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी भ्रमण थांबवून एका ठिकाणी राहावे हा विनयाचा नियम. त्या राहण्यासाठी खोल्या. पौर्णिमा-अमावास्येस संघाने एकत्र जमून पातिमोक्खाचे पठण करावयाचे. त्यासाठी मधला मोकळा मंडप. जुन्नर, नाशिक, कार्ले येथील सातवाहनकालीन लेण्यांत वंदनेचे स्थान निराळे असे. विहारात राहावयाचे आणि शेजारच्या चैत्यगृहातील स्तूपाला वंदन करावयाचे. पुढे, इसवी सनाच्या पाचव्या शतकात, ही दोन स्थाने एक होऊ लागली. विहाराच्या मागील भिंतीत गर्भगृह कोरून त्यात बुद्धमूर्ती बसविण्यात येऊ लागली, आणि भिक्खूंचे घर हेच वंदनेचेही स्थान झाले. अजिंठ्याची १, २, ४, १६ व १७ ही लेणी या पद्धतीची होत. त्यांतील सोळावे लेणे वाकाटक सम्राट हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने दिले, हे तेथील शिलालेखावरून कळते.

धाराशिवचे दुसरे लेणे या अजिंठ्याच्या विहारांच्या आराखड्यावर कोरलेले आहे. पडवी, चौरस मंडप, सभोवती स्तंभ, कडेस खोल्या, मागे गर्भगृह, असा सारा क्रम तोच. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याचा मंडप सुमारे ६४ फूट चौरस आहे. धाराशिवचा मंडप त्याहून मोठा. कोणी किरकोळ दात्याने हौसेने केलेले हे काम नव्हे. हा समूह साधारणतः इसवी सनाच्या पाचव्या ते सातव्या शतकांतील मानला जातो. चिनी भिक्खू ह्युएन-त्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला, तेव्हा येथे शंभरावर विहार व सुमारे ५,००० भिक्खू असल्याचे त्याने नोंदविले आहे. तेव्हा ही लेणी कोरली जात होती त्या काळात भिक्खुसंघ या भूमीवर नांदत होता, याविषयी शंका नाही.

आराखड्याला आम्ही इतके महत्त्व का देतो, हे सांगितले पाहिजे. लेणे वरून खाली कोरीत येतात. अगोदर छत, मग स्तंभांचे माथे, मग स्तंभ, शेवटी जमीन. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अर्धवट राहिले असल्याने ही रीत तेथे डोळ्यांनी पाहता येते. बांधकामात खांब नंतर उभा करता येतो. लेण्यात तो नंतर उभा करता येत नाही, तो जागच्या जागी शिल्लक ठेवावा लागतो. म्हणजे मंडप किती मोठा, खांब कोठे आणि गर्भगृह कोठे, हे पहिली छिन्नी लागण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. मूर्ती बदलता येते, तिच्यावर लेप चढविता येतो, शेजारी दुसरी आणून ठेवता येते. एखादी खोलीही मागाहून कोरता येईल. परंतु ज्याने मूळ आराखडा ठरविला त्याचा हेतू पुसून टाकता येत नाही.

आता मूर्तीकडे वळू, कारण खरा वाद तेथेच आहे. गर्भगृहात पद्मासनस्थ मूर्ती आहे आणि तिच्या मस्तकावर नागफणा आहे. जैन बांधव तिला तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ म्हणून वंदन करतात. आपल्याकडील कित्येक लोक तीच मूर्ती मुचलिंद नागासह असलेली भगवान बुद्धांची आहे, असे सांगतात. पूर्वी आम्हीही असेच सांगत असू. संबोधीनंतरच्या काळात सात दिवस अकाली पाऊस लागला असता नागराज मुचलिंदाने आपल्या देहाची सात वेटोळी भगवंतांच्या भोवती घालून मस्तकावर फणा धरला, ही विनयपिटकातील कथा आम्ही त्या मूर्तीसमोर उभे राहून मुलांना सांगितली आहे. मुलांना ती फार आवडे.

पुढे वाचन वाढले तसे आम्हांस स्वतःचे म्हणणे तपासणे भाग पडले. मुचलिंद बुद्धाची शिल्पे आंध्रातील अमरावती-नागार्जुनकोंडा परिसरात आढळतात आणि नंतरच्या काळात कंबोडियात तर ती विपुल झाली. महाराष्ट्रातील लेण्यांच्या गर्भगृहात मुख्य मूर्ती म्हणून मुचलिंद बुद्ध बसविण्याची परंपरा नाही. दुसरे असे की, मुचलिंदाची वेटोळी बहुधा बुद्धांच्या आसनाखाली येतात, जणू नागाचा देह हेच आसन. पार्श्वनाथांच्या मूर्तीत नाग पाठीमागून वर चढतो व मस्तकावर फणा उभारतो. बुद्धमूर्तीत चीवराची कड खांद्यावर वा पायाच्या घोट्याशी रेषेने दाखविलेली असते, मस्तकावर उष्णीष असतो. दिगंबर जिनमूर्तीच्या अंगावर वस्त्राची रेषा नसते. उत्तरेकडील जिनमूर्तींच्या छातीवर श्रीवत्साचे चिन्ह असते. दक्षिणेकडे ते पुष्कळदा नसते, म्हणून ‘श्रीवत्स नाही, म्हणजे बुद्धच’ असे म्हणणे चुकीचे ठरते. आसनावर चक्र वा हरणे दिसली तरीही तेवढ्यावरून निर्णय करू नये. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील बुद्धांच्या आसनावर चक्र व मृग आहेत हे खरे, पण धर्मचक्र जैनांच्या मूर्तिपीठांवरही कोरलेले असते.

ही सारी तपासणी केल्यावर आज त्या मूर्तीला मुचलिंद बुद्ध म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. आमच्या पूर्वीच्या श्रोत्यांपैकी कोणी हा लेख वाचीत असतील तर त्यांनी ही आमची दुरुस्ती समजावी.

मग लेणी जैनांचीच काय? स्कॉटिश पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेस यांनी या लेण्यांचे वर्णन बिदर व औरंगाबाद जिल्ह्यांच्या पुरावशेषांवरील आपल्या १८७८ सालच्या अहवालात प्रसिद्ध केले. १८८० साली जेम्स फर्ग्युसन यांच्यासह लिहिलेल्या ‘केव्ह टेम्पल्स ऑफ इंडिया’ या ग्रंथात त्यांनी ती जैन लेण्यांत गणली. मूर्तीपासून आरंभ केला तर हाच निष्कर्ष निघतो. पुढील अभ्यासकांपैकी काहींनी वास्तूपासून आरंभ केला आणि लेणी मूळची बौद्ध असून पुढे, बाराव्या शतकाच्या सुमारास, ती जैन उपासनेसाठी वापरात आली असावीत, असे मत मांडले. आम्हांस हे मत अधिक पटते. मात्र वाद पूर्णपणे मिटला आहे असे कोणी समजू नये. जैन श्रमणांनीही कातळात निवास कोरले आहेत. ओरिसातील खंडगिरी-उदयगिरीच्या खोल्या प्रसिद्धच आहेत. खोल्या आहेत म्हणून बौद्ध, एवढा सोपा हिशेब नाही. खोल्या, मंडप आणि गर्भगृह यांचा विशिष्ट मेळ, त्याचे माप आणि त्याचा काळ या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे अजिंठ्याची आठवण होते. आमचा निर्णय त्या मेळावर उभा आहे.

जैन परंपरेचे म्हणणेही आपण तिच्या ग्रंथातून ऐकले पाहिजे. अकराव्या शतकात मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचले. हिरालाल जैन यांनी ते १९३४ साली संपादून कारंजा येथील जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध केले. राजा करकंड दक्षिणेच्या स्वारीवर असता तेरापूर नगराजवळ येतो. डोंगरात एक प्राचीन लेणे असल्याचे त्याला कळते. डोंगरमाथ्यावरील एका वारुळाची एक हत्ती नित्य पूजा करतो असेही सांगण्यात येते. वारूळ खणले असता पार्श्वनाथांची मूर्ती मिळते. ती लेण्यात नेली जाते. तेथील सिंहासनावर एक गाठ दिसते, राजा ती फोडावयास लावतो आणि आतून पाण्याचा लोंढा उसळतो. मग राजा तेथे आणखी लेणी करवितो. तेरापूर म्हणजे आजचे तेर आणि डोंगरातील लेणे म्हणजे धाराशिवचे, असे अभ्यासकांनी मानले आहे.

या कथेत एक गोष्ट आम्हांला लक्षणीय वाटते. कथाकाराने राजाला लेण्याचा मूळ कर्ता केलेले नाही. राजा येण्यापूर्वी लेणे तेथे होतेच, ते जुने होते, आणि मूर्ती दुसरीकडून आणून आत बसविली गेली. काव्याला इतिहास मानू नये हे खरे. तरी अकराव्या शतकातील एका जैन कवीला ‘आधी कोणाचे तरी होते’ असे सुचावे, हे अर्थपूर्ण आहे.

याहून नवल पुढे आहे. हा करकंडू केवळ जैनांचा नव्हे. जैनांच्या उत्तराध्ययन सूत्रात कलिंगचा करकंडू, पांचालचा द्विमुख, विदेहाचा नमी आणि गांधारचा नग्गती हे चार प्रत्येकबुद्ध सांगितले आहेत. आपल्या पाली जातकांतील ४०८ क्रमांकाच्या कुंभकार जातकातही हेच चौघे येतात : कलिंगचा करंडू, गांधारचा नग्गजी, विदेहाचा निमी, पांचालचा दुम्मुख. कलिंगच्या राजाने फळांनी लवलेल्या आंब्याच्या झाडाचे एक फळ तोडले. मागून येणाऱ्या लवाजम्याने झाड ओरबाडून काढले. परतताना राजाने पाहिले, तर ते झाड उघडेबोडके झाले होते आणि शेजारचे बिनफळाचे झाड जसेच्या तसे हिरवे उभे होते. तेवढ्यावरून त्याला बोध झाला. (जातकात ही हकीकत एका कुंभाराच्या घरी येऊन हे चौघे सांगतात, आणि तेर हे गाव आज ओळखले जाते ते संत गोरा कुंभार यांच्या नावाने. हा केवळ योगायोग. पण तेरच्या रस्त्यावरून जाताना तो आठवतोच.) म्हणजे लेण्याचा पुनरुद्धार करणारा म्हणून जैन परंपरेने ज्याचे नाव घेतले, तो राजा दोन्ही श्रमण परंपरांच्या सामाईक ठेव्यातला आहे.

लेण्याचे उपासक बदलले ही घटना महाराष्ट्रात नवी नाही. जुन्नरच्या लेण्याद्रीवरील एक विहार आज गिरिजात्मज गणपतीचे देवालय आहे. कार्ल्याच्या चैत्यासमोर एकवीरेचे मंदिर आहे. धाराशिवच्या बाबतीत भिक्खूंना बळाने हुसकून लावण्यात आले असे म्हणण्यास आधार नाही. ओस पडलेल्या विहारात दुसऱ्या श्रमणांनी येऊन राहावे, हेही घडू शकते. काही सभांतून याविषयी जी त्वेषाची भाषणे होतात, ती आम्हांस रुचत नाहीत.

मागील एका वर्षावासात आम्ही काही उपासकांसह तेथे गेलो होतो. गर्भगृहाशी पोहोचलो तेव्हा एक जैन कुटुंब अगोदरच मूर्तीपुढे हात जोडून उभे होते. त्यांच्यातील वृद्ध आजी काही पुटपुटत होत्या. आमच्यातील एका तरुणाने पिशवीतून निळा ध्वज काढला. दुसऱ्याजवळ खडू होता. दारावर ‘नमो बुद्धाय’ लिहावे असे त्याचे म्हणणे. आम्ही त्यांना मागे बोलावले. थोडी कुरबुर झाली. ‘मग आपण इथे आलो कशाला?’ असे त्या तरुणाने विचारले, आणि त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. आम्ही त्याला एका खोलीत नेऊन बसविले आणि बॅटरी विझवावयास सांगितले. काही वेळाने डोळ्यांना अंधाराची सवय झाली, कातळाचा गारवा अंगाला लागला. या जागेत कोणीतरी पावसाळ्याचे तीन महिने राहावे म्हणून ही भिंत छिन्नीने मागे सरकविली गेली, एवढेच आम्ही त्याला सांगितले. मग सर्वजण मंडपात येऊन बसलो व त्रिशरण-पंचशील घेतले. आवाज स्तंभांतून फिरून परत येत होता. आजी बाहेर पडताना थांबल्या, आमचे म्हणणे संपेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि ‘तुमचंबी पाठांतर हाय की’ असे म्हणून खाली उतरल्या.

खडूचे म्हणाल तर तो निळा असो की भगवा, संरक्षित स्मारकावर लिहिणे हा अपराधच आहे. शिवाय कातळाचा पृष्ठभाग त्याने कायमचा बिघडतो. धाराशिवचा कातळ आधीच अजिंठ्याइतका टिकाऊ नाही. उदबत्ती व मेणबत्त्या आत लावू नयेत, त्यांची काजळी बसते. वंदना मंडपात बसून करावी. जाताना बॅटरी व पिण्याचे पाणी न्यावे. मुलांकडून स्तंभ मोजवून घ्यावेत आणि वहीत आराखडा काढवून घ्यावा. घरी आल्यावर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छापील आराखड्याशेजारी तो ठेवून पाहावा.

लेण्यांवरून थेट घरी परतण्याची चूक मात्र करू नये. सुमारे २० किलोमीटरवर, तेरणेच्या काठी, तेर आहे. प्राचीन तगर नगर ते हेच, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेले मोठे नगर म्हणून तगरचा उल्लेख आहे. तेथून नाना प्रकारचे कापड गाड्यांतून भडोच बंदरास जात असे. तेथील शासकीय संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने ओळखले जाते. गावात सापडलेल्या वस्तू आयुष्यभर गोळा करणाऱ्या या गृहस्थांचे ऋण मोठे आहे. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी साम्य दाखविते. तथापि तगरचे ते वैभव पहिल्या-दुसऱ्या शतकांचे आणि लेणी त्यानंतर तीन-चारशे वर्षांनी कोरलेली, हे विसरून ‘तेरच्या व्यापाऱ्यांनी लेणी खोदविली’ असे जे सर्रास लिहिले जाते ते टाळावे.

तेरमध्ये त्रिविक्रमाचे मंदिर आहे. विटांनी बांधलेली ही वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह होती, असे हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ओळखले. अशी वास्तू आंध्रात चेझर्ला येथेही उभी आहे; भारतात ती फार थोडी उरली आहेत. आत विष्णूच्या त्रिविक्रम रूपाची मूर्ती असून नित्य पूजा चालू असते. पादत्राणे काढून, भाविकांच्या रांगेला अडथळा न आणता बाजूने मागे जावे. पुढून पाहणाऱ्यास मंडप दिसतो व इतर देवळांहून त्यात विशेष काही वाटत नाही. मागे गेल्यावर विटांची भिंत अर्धवर्तुळात वळते आणि वरचे छत हत्तीच्या पाठीसारखे गोल उतरत येते. कार्ल्याच्या चैत्यगृहात आपण आतून जे पाहतो, ते येथे बाहेरून, उघड्या आकाशाखाली दिसते. आम्ही गेलो त्या दिवशी तो तरुण तेथे बराच वेळ उभा होता. आराखड्याची वही त्याने धाराशिवलाच पिशवीत टाकली होती. ती त्याने पुन्हा बाहेर काढली.